लघुपटाच्या मदतीने कविता कशी शिकवावी: आठवी ते दहावीच्या वर्गासाठी

यूट्यूबवर पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही कवितेचं नाव टाका, तिचे ढीगभर व्हिडिओ समोर येतात. कवितेत झरा असला की पडद्यावर झरा, गाव असलं की गाव, मागे बासरी आणि खाली सरकणारी अक्षरं. वर्गात असा व्हिडिओ लावला की मुलं गप्प बसतात आणि तास सुखरूप पार पडतो. नुकसान नंतर कळतं. ‘तुला झरा कसा दिसला?’ असं विचारलं की सगळा वर्ग एकच झरा सांगतो, व्हिडिओतला.

म्हणून या पद्धतीतला पहिला नियम: जी कविता शिकवायची आहे, तिच्यावरच बेतलेला व्हिडिओ लावायचा नाही. लघुपट निराळ्याच विषयाचा घ्यायचा. त्यावर मुलांनी पाहण्याचा सराव करायचा आणि मग ती नजर कवितेकडे वळवायची.

आठवीतल्या मुलाला ‘प्रतिमा’ म्हणजे काय हे आपण व्याख्येतून सांगतो. व्याख्या पाठ होते, प्रतिमा तशीच राहते. पण तेच मूल रोज मोबाइलवर हलती चित्रं पाहत असतं. ‘आधी लांबून दाखवलं, मग एकदम डोळेच दाखवले’ हे ते कुणी न शिकवता सांगतं. काय दाखवायचं, कोणत्या क्रमाने, किती वेळ आणि काय वगळायचं, हे चित्रपट करणाऱ्याला ठरवावं लागतं आणि कवीलाही. मुलांना आधीच येत असलेल्या गोष्टीवरून न येणाऱ्या गोष्टीकडे जाता येतं, हा एक फायदा. माझ्या मते दुसरा फायदा याहून मोठा आहे. एखादी कविता पडद्यावर आणायची म्हणून तिचा आराखडा करायला बसलं की कुठेतरी गाडी अडते, कारण कवितेतलं काहीतरी चित्रात उतरायलाच तयार नसतं. ते काय आहे आणि का उतरत नाही, हे मुलांनी स्वतः शोधावं यासाठी पुढची सगळी तयारी.

लघुपट निवडताना

पस्तीस मिनिटांची तासिका धरली तर लघुपट बारा मिनिटांहून मोठा नको. तो शक्यतो बिनसंवादाचा घ्यावा. संवाद असले की मुलं गोष्टीमागे धावतात, आणि परक्या भाषेतली उपशीर्षकं असली तर अर्धा वर्ग ती वाचण्यातच अडकतो. शेवटी पडद्यावर सुविचार झळकवणारे लघुपट कटाक्षाने टाळा. ते पाहिले की मुलं कवितेतही सुविचारच शोधू लागतात, आणि ती सवय आपण त्यांना आधीच पुरेशी लावलेली आहे.

या कामाला उत्तम असे दोन लघुपट सांगतो. पहिला ‘रेन’. योरिस इव्हेन्स आणि मानुस फ्रँकन यांनी १९२९ मध्ये ॲमस्टरडॅम शहरात केलेला हा सुमारे बारा मिनिटांचा मूकपट. त्यात कथा नाही की नायक नाही. कोरडं शहर, वारा, ढग, पहिले थेंब, उघडणाऱ्या छत्र्या, ओल्या रस्त्यावरच्या ट्राम, कालव्याच्या पाण्यावर उठणारी वर्तुळं, काचेवरून उतरणारे ओघळ आणि मग उघडीप. पावसाळा मुरलेल्या आपल्या मुलांना हा पाऊस फार सभ्य वाटतो. वाटू द्या, त्यातून चर्चेला तोंड फुटतं.

दुसरा ‘टू’, सत्यजित राय यांचा १९६४ मधला. हाही साधारण बारा मिनिटांचा, आणि यात एकही शब्द नाही. एक श्रीमंत मुलगा मोठ्या घरात खेळण्यांच्या पसाऱ्यात आहे, दुसरा बाहेर झोपडीजवळ. एकाकडे बासरी तर दुसऱ्याकडे खेळण्यातलं बिगुल, आणि मग खिडकीतून सुरू झालेली चढाओढ. तो कुठे वापरायचा ते पुढे येईल.

लय शिकवायची असेल तर ‘नाइट मेल’ या १९३६ च्या ब्रिटिश माहितीपटाची शेवटची काही मिनिटं ऐकवण्यासारखी आहेत. लंडनहून स्कॉटलंडकडे जाणाऱ्या टपालगाडीवरचा हा माहितीपट. शेवटच्या भागात डब्ल्यू. एच. ऑडेन यांची कविता गाडीच्या चाकांच्या ठेक्यावर वाचलेली आहे. अर्थ कळला नाही तरी चालतं. गाडी चढावर असताना आणि उतारावर असताना वाचनाचा वेग कसा बदलतो, एवढंच मुलांनी बोटांनी बाकावर वाजवून दाखवायचं.

आदल्या दिवशी

लघुपट आधी पूर्ण पाहा. एकदा मुलांच्या नजरेने आणि एकदा थांबायच्या जागा टिपत. थांबायच्या जागा मिनिट आणि सेकंदासह चिठ्ठीवर लिहून ठेवा, वर्गात चाचपडायला लागलं की मुलांचा धीर सुटतो. शाळेतल्या इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. मध्येच येणारी जाहिरात आणि व्हिडिओ संपताच आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, दोन्ही वर्गात नकोत. जिथून रीतसर उतरवून घेता येतो तिथून लघुपट पेनड्राइव्हवर घ्या आणि व्हीएलसीसारख्या साध्या प्लेअरवर शाळेच्या संगणकावर चालतो का ते पाहून या. प्रोजेक्टर असेल तर खिडक्यांना सतरंजी किंवा काळा कागद लागेल. दुपारच्या उजेडात कृष्णधवल चित्रपट दिसतच नाही. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात लघुपटातली चार स्थिरचित्रं छापून जवळ ठेवावीत. अर्धा तास त्यांच्यावरही निघतो.

पहिला तास: फक्त पाऊस

कवितेचं नाव काढायचं नाही. पुस्तकं दप्तरात. लघुपट कशाबद्दल आहे हेही सांगायचं नाही, फक्त तो जुना आहे, मुका आहे आणि बारा मिनिटं बोलायचं नाही, एवढं सांगून लावायचा. ‘रेन’ला नंतरच्या काळात संगीत जोडलं गेलं, त्यामुळे संगीत असलेली प्रत मिळण्याचा संभव आहे. पहिल्यांदा दाखवताना आवाज बंद ठेवा. पहिली दोन-तीन मिनिटं चुळबुळ होईल, कुणी खोकेल, मागच्या बाकावरून काही टिप्पणी येईल. लक्ष देऊ नका, थेंब पडायला लागले की वर्ग स्थिरावतो.

संपल्यावर ‘काय कळलं?’ असं विचारू नका. ‘काय आवडलं?’ असंही नको. विचारायचं ते ‘काय दिसलं?’ आणि उत्तर म्हणून फक्त वस्तू किंवा हालचाल स्वीकारायची. कुणी ‘छान पाऊस’ म्हणालं तर ‘छान’ पुसून ‘पाऊस कुठे पडताना दिसला?’ असं विचारायचं. या तासापुरती ‘सुंदर’, ‘छान’ आणि ‘निसर्गरम्य’ या तीन शब्दांवर बंदी घाला. सुरुवातीला मुलांची पंचाईत होते, मग ‘छत्रीवरून पाणी गळत होतं’, ‘कुणीतरी हात पुढे करून पाऊस आहे का बघितलं’, ‘पाण्यात घर उलटं दिसत होतं’ अशी उत्तरं येऊ लागतात. फळ्यावर ती मुलांच्याच शब्दांत लिहा.

फळा भरला की पहिली तीन मिनिटं पुन्हा लावा, या वेळी दर दहा-पंधरा सेकंदांनी थांबवत. प्रत्येक थांब्यावर तीनच प्रश्न. कॅमेरा लांब आहे की जवळ? वर पाहतोय की खाली? आधीच्या चित्रानंतर हेच का दाखवलं असेल? तिसऱ्या प्रश्नावर रेंगाळा. ढगांनंतर रस्ता, रस्त्यानंतर पाणी, या क्रमात बोलून न दाखवलेलं एक वाक्य असतं, आणि ते वाक्य प्रेक्षक मनात पुरं करतो. पाऊस येणार हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नसताना मुलांना कळलेलं असतं. ते कसं कळलं, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या.

तास संपायच्या पाच मिनिटं आधी सांगायचं की हा पाऊस एका दिवशीचा नाही. इव्हेन्सने तो कित्येक महिने, वेगवेगळ्या दिवशी टिपला आणि जोडून त्याची एक सर केली. यावर हमखास कुणीतरी ‘म्हणजे खोटं?’ असं विचारतं. त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. कवितेच्या तासाला तो परत येतो.

दुसरा तास: औदुंबर

इथे बालकवींची ‘औदुंबर’ घेतो, कारण या आठ ओळींइतकी कॅमेऱ्यासारखी चालणारी कविता मराठीत शोधून सापडणार नाही. ती तुमच्या यंदाच्या पुस्तकात असो वा नसो, एक तास तिच्यावर घालवा. नंतर नेमलेल्या कवितेला हीच पद्धत लावता येते.

एक सावधगिरी. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९० मध्ये धरणगावचा, आणि १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली अपघाती मृत्यू. ही माहिती आधी सांगितली की मुलं कवितेतल्या काळ्या डोहात कवीचा मृत्यू वाचू लागतात आणि मग त्यांना दुसरं काही दिसत नाही. कवीची ओळख तासाच्या शेवटी करून द्या.

कविता मोठ्याने दोनदा वाचा. पहिल्यांदा मुलांनी डोळे मिटून ऐकायचं, दुसऱ्यांदा पुस्तकात किंवा फळ्यावर पाहून.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढें.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

शब्दार्थ आता सांगायचे नाहीत, अपवाद ‘ऐल’ आणि ‘पैल’चा. ते कळल्याशिवाय उभं कुठे राहायचं ते ठरत नाही. आता एका मुलाला फळ्याजवळ बोलवा आणि वर्गाने सांगायचं, त्याने नकाशा काढायचा. झरा कुठे, गाव कुठे, शेतं कुठे, वाट कुठून निघते आणि कुठे पोचते, डोह कुठे. भांडण होईल, आणि व्हायलाच हवं. शेतं गावाच्या ‘पुढे’ म्हणजे कोणत्या बाजूला? वाट गावाकडे जाते की गावाकडून येते? ‘चालली काळ्या डोहाकडे’ या शब्दांशी पोचल्यावर कुणाच्या तरी लक्षात येईल की नजर आधी दूर टेकडीपर्यंत गेली आणि तिथून वाटेच्या आधाराने परत फिरून पाण्याशी आली. मूळ ओळी समोर आहेत, भांडण त्यांच्या आधारानेच सोडवायचं. ‘मला असं वाटतं’ एवढ्यावर कुणालाही गुण नाहीत.

नकाशा झाला की वर्गाचे पाच-सहा जणांचे गट करा. प्रत्येक गटाने वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे: काय दिसतं, काय ऐकू येतं, कॅमेरा कुठे आहे. प्रत्येक ओळीला एक शॉट, म्हणजे आठ शॉट. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही, चौकटीत काड्यांची माणसं आणि रेघांचे डोंगर चालतात. वेळ दहा मिनिटं.

गटांमधून फिरताना उत्तरं देऊ नका, प्रश्न टाका. एखाद्या गटाला रंग मोजायला सांगा. हिरवा तीनदा येतो, निळासांवळा एकदा, पांढरा एकदाच, आणि मग काळा डोह व काळिमा. म्हणजे चित्र पुढे सरकतं तसं अंधारत जातं. दुसऱ्या गटाला माणसं शोधायला सांगा. घरं आहेत, पिकवलेली शेतं आहेत, वाट आहे, पण माणूस एकही नाही. मग वाट कुणाच्या पायांनी पडली? तिसऱ्या गटाला क्रियापदांखाली रेघा मारायला सांगा. झरा वाहतो, वाट पडते, चालते, काळिमा पसरतो. या सगळ्या हालचालीत बसलेला एकटा औदुंबर. चालते ती वाट, पाय मात्र झाडाला! हे मुलांना सापडलं की वर्गात जो गलका होतो, तो थांबवू नका.

आवाजाचा रकाना बहुतेक गट रिकामा ठेवतात किंवा पक्ष्यांची किलबिल लिहून मोकळे होतात. ‘कवितेत पक्षी कुठे आहे?’ असं विचारा. नाहीच तर मग काय ऐकू येईल? झऱ्याचं पाणी. आणि डोहाशी आल्यावर? तिथे पाण्याचाही आवाज थांबेल का? हे ठरवताना मुलं कवितेची गती ठरवत असतात, फक्त त्यांना ते माहीत नसतं.

जिथे कॅमेरा हरतो

आराखडे भिंतीला लावा किंवा दोन गटांचे फळ्यावर उतरवा. आता वर्गाला सांगा: ज्या शब्दाचा शॉट घेता आला नाही, त्याला गोल करा.

‘गोड काळिमा’वर बहुतेक सगळ्यांचे गोल पडतात. काळोखी दाखवता येते. गोडवा कसा दाखवणार? कुणी म्हणेल संगीत टाकू. कुणी म्हणेल मऊ प्रकाश देऊ. दोन्ही उपाय करून पाहा, म्हणजे मोठ्याने कल्पना करा, आणि मग विचारा की ‘गोड’ हा एक शब्द जे करतो ते झालं का? काळिमा म्हटल्यावर मनात भीती येऊ लागते तोच ‘गोड’ तिला अडवतो. पडद्यावर या दोन गोष्टी एकाच क्षणी एकाच जागी आणता येत नाहीत.

दुसरा गोल ‘असला’ या शब्दाभोवती पडायला हवा, पण तो मुलांच्या नजरेतून सुटतो. मोठ्याने वाचून दाखवा, ‘असला’वर किंचित थांबून. असला म्हणजे कसला? कवी सांगत नाही. तो बोट दाखवतो, जणू आपण त्याच्या शेजारी उभे आहोत आणि आपल्यालाही दिसतंय. याचा शॉट कसा घ्यायचा यावर एका गटाने कॅमेरा झाडावर ठेवून अर्धा मिनिट हलवायचाच नाही असं सुचवलं, तर ते उत्तर उत्तम आहे. कुणी आपणच औदुंबर होऊन त्याच्या नजरेने झरा आणि गाव मागे पाहायचं म्हटलं, तर तेही घ्या. मात्र या दोन्हींत कवितेचा अर्थ बदलतो, आणि कसा बदलतो हे एका वाक्यात लिहायला लावा.

‘म्हणजे खोटं?’ हा काल सोडून दिलेला प्रश्न आता विचारा. असा झरा, असा डोह, असं झाड बालकवींनी एकाच जागी पाहिलं असेल का? पाहिलं नसेल तर काही बिघडतं का? शहरातल्या वर्गात औदुंबर न पाहिलेली मुलंच जास्त असतात. त्यांना चित्र दाखवायचं तर ते या टप्प्यावर, आधी नाही. जवळपास उंबर असेल तर पान आणि फळ घेऊन जाणं सगळ्यात उत्तम.

उपमा म्हणजे दोन शॉट

उपमा आणि रूपक शिकवताना लघुपटाची गरज नाही, मोबाइलमधली चार छायाचित्रं पुरतात. रशियात लेव कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने शंभरएक वर्षांपूर्वी एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला आळीपाळीने सूपची वाटी, शवपेटी अशी चित्रं जोडली. चेहरा तोच, पण पाहणाऱ्यांना त्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. हाच प्रयोग तुमच्याच चेहऱ्यावर करा. एक कोरा फोटो काढा, त्याच्यापुढे आधी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दाखवा, मग पुन्हा तोच चेहरा आणि रिकामा डबा, मग पुन्हा चेहरा आणि खिडकीबाहेरचा पाऊस. ‘बाई चिडल्यात’, ‘बाईंना भूक लागलीय’, ‘बाईंना घरी जायचंय’ अशी उत्तरं आली की प्रयोग यशस्वी.

लगेच बहिणाबाई चौधरींची ‘अरे संसार संसार’ घ्या. संसार एका चित्रात धरता येत नाही, तवा येतो. एक शॉट तव्याचा. त्याला जोडायचा दुसरा शॉट संसाराचा, तो काय असेल ते प्रत्येकाने आपापल्या घरातून शोधायचं. कुणी आईच्या हातातली पिशवी म्हणेल, कुणी पहाटेची पाण्याची रांग. मग ‘आधी हाताला चटके’ या शब्दांना तिसरा शॉट. इथे क्रम महत्त्वाचा आहे: भाकर आधी दाखवली आणि चटका नंतर, तर काय होतं? ते जोडून पाहिलं की ‘आधी’ या साध्या शब्दावर किती भार आहे ते कळतं.

बहिणाबाईंच्या ओव्या आधी बोलल्या गेल्या. त्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतल्या, म्हणून उरल्या. बहिणाबाई गेल्या १९५१ मध्ये आणि संग्रह आला त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा ही कविता आधी कानाने शिकवावी. वर्गात खानदेशातलं मूल असेल तर वाचन त्याच्याकडे द्या. पुण्या-मुंबईच्या उच्चारात ती निम्मी होते.

‘टू’ आणि ‘कणा’

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता मुळातच एक छोटा प्रसंग आहे. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो, बोलतो, आणि सरांचा हात खिशाकडे जाताच हसत उठतो. तिचा शेवट भाषणात आणि भित्तिपत्रकांवर इतका वापरला गेलाय की मुलं कविता ऐकण्याआधीच तिचा अर्थ सांगतात: संकटात खचू नये. हा अर्थ चुकीचा नाही, पण त्याने कविता बंद होते.

आधी ‘टू’ दाखवा. पहिल्यांदा पडद्यावर कापड टाकून, फक्त आवाज. बासरी, बिगुल, खेळण्यांचा खडखडाट. कोण कुठे असेल हे आवाजावरून ओळखायचं. मग चित्रासह पूर्ण. चर्चा एकाच गोष्टीवर ठेवा: कुणी काहीच बोलत नसताना कोणाच्या मनात काय चाललंय हे कुठून कळलं? मुलं हातांकडे, खिडकीच्या उंचीकडे, पाठ फिरवण्याकडे बोट दाखवतील.

मग ‘कणा’ वाचा आणि विचारा की सर किती वाक्यं बोलतात? मुलं पान चाळतात, पुन्हा चाळतात. सर एक शब्दही बोलत नाहीत. त्यांच्या वाट्याला एकच कृती आहे, खिशाकडे जाणारा हात. हा हात क्लोज-अपमध्ये घ्यायचा का? घेतला तर सर कसे वाटतील, कनवाळू की अवघडलेले? आणि कवितेचा शेवटचा शॉट कोणता? पाठीवर हात ठेवा, अशी मागणी करून विद्यार्थी थांबतो आणि कविताही तिथेच थांबते. हात पडला की नाही, हे लिहिलेलंच नाही. गटांना दोन शेवट लिहू द्या, हात पडलेला आणि न पडलेला, आणि नंतर विचारा की कवीने दोन्ही का टाळले. या एका प्रश्नावर नववीचा वर्ग पंधरा मिनिटं सहज भांडतो.

मुलांचा एक मिनिट

इथवरचं दोन-तीन तासांत बसतं. पुढचा भाग सलग तासिका मिळाल्या तरच करा. पाच-सहा जणांच्या गटाने एका कवितेचा एक मिनिटाचा लघुपट करायचा. मुलांना मोबाइल आणायला सांगू नका. मुख्याध्यापकांची परवानगी काढून शिक्षकाचा एकच फोन आळीपाळीने द्या. चित्रीकरण जमत नसेल तर आठ स्थिर छायाचित्रं आणि त्यावर वाचन, यात काहीही कमीपणा नाही. उलट मुलं जास्त विचार करतात.

अट एकच आणि ती मोडू द्यायची नाही: कवितेत जी वस्तू आहे, ती दाखवायची नाही. डोह आहे तर डोह नको, डोहाची स्तब्धता असलेलं दुसरं काहीतरी. सुट्टी झाल्यावरचा रिकामा वर्ग, गच्चीवरची पाण्याची टाकी, दुपारी बंद असलेलं दुकान. ही अट नसेल तर सुरुवातीला सांगितलेल्या यूट्यूबवरच्या व्हिडिओचीच नक्कल होते.

काम उलट्या क्रमाने करा. आधी वाचन ध्वनिमुद्रित करायचं, पंखे बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून. एकाच मुलाकडून दोनदा वाचून घ्या, एकदा ओळ संपेल तिथे थांबत आणि एकदा अर्थ संपेल तिथे. कोणतं वाचन वापरायचं ते गटाने ठरवायचं आणि कारण लिहायचं. चित्रं नंतर, आवाजाच्या मापाने. फोन आडवा धरायचा, प्रत्येक शॉट मोजून पाच ते सात सेकंद, झूम करायचं नाही. जवळून हवं असेल तर चालत जवळ जायचं. जोडणीसाठी फोनमधलंच संपादन पुरतं. शब्द उडवणारे, चमकणारे इफेक्ट सापडले की मुलं हरखून जातात. एक तास हरखू द्या, मग ते काढायला लावा.

कृतिपत्रिकेशी जोडताना

‘हे सगळं ठीक, पण परीक्षेचं काय?’ हा पालकांचा आणि सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं मागतात. तीन रकान्यांचं पान त्यासाठी थेट कामाला येतं. काय दिसतं आणि ते कोणत्या क्रमाने, यातून आशय. शॉट एकमेकांना कसे जोडले, त्यातून प्रतिमा आणि उपमा. ऐकू येण्याच्या रकान्यातून लय, आणि गोल केलेल्या शब्दांतून भाषिक वैशिष्ट्यं. मुलांना फक्त ‘शॉट’ आणि ‘कॅमेरा’ हे शब्द काढून तेच पुन्हा लिहायला सांगायचं. उदाहरणार्थ:

‘कवीची नजर झऱ्यापासून दूरच्या टेकडीकडे जाते आणि पांढऱ्या पायवाटेने डोहाशी परत येते. हिरवा रंग कमी होत जाऊन शेवटी काळोखी उरते. वाट चालते, झाड मात्र पाय पाण्यात सोडून बसले आहे, त्यामुळे निर्जन चित्र जिवंत वाटते. “गोड काळिमा” या शब्दयोजनेत भीती आणि शांतता एकत्र येतात.’

यात गाईडातलं एकही वाक्य नाही आणि तपासणाऱ्याला हवं ते सगळं आहे. लघुपट करताना गुण द्यायचेच असतील तर ते आकारिक मूल्यमापनात द्या, आणि चित्रं किती चकचकीत आहेत याला देऊ नका. शॉट का निवडला याची जी दोन वाक्यं मुलाने लिहिली, त्यांना द्या.

सगळ्याच कवितांना हे लागू पडत नाही. तुकोबांच्या ज्या अभंगांत वाद घातलेला आहे, तिथे आवाज आणि युक्तिवाद महत्त्वाचा. त्याचे शॉट करायला गेलं की हाती फक्त वीणा आणि इंद्रायणी येते. वर्षाकाठी दोन कवितांवर हा प्रयोग पुरे. प्रत्येक कवितेला पडदा लागायला लागला तर मुलं बिनपडद्याची कविता वाचायला कंटाळतील.

परवानग्या

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायला मुभा देतं, प्रेक्षक त्या संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. तिकीट लावून गावाला दाखवणं किंवा शाळेच्या फेसबुक पानावर टाकणं त्यात बसत नाही. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कवितेवरचा हक्क संपतो, त्यामुळे बालकवींच्या कवितेवर मुलांनी केलेला लघुपट स्पर्धेला पाठवायला अडचण नाही; कुसुमाग्रजांच्या कवितेसाठी परवानगी लागेल. पार्श्वसंगीत म्हणून सिनेमाचं गाणं नको, वर्गातल्या कुणाची तरी पेटी किंवा नुसता बाकावरचा ठेका चालेल. लघुपट शाळेबाहेर जाणार असेल आणि त्यात मुलांचे चेहरे असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीच घ्या, कारण एका पालकाने नंतर नाही म्हटलं तर सगळ्या गटाचं काम वाया जातं. वस्तू दाखवायची नाही ही अट नीट पाळली गेली असेल तर बहुतेक लघुपटांत चेहरे नसतातच.